बीपी फॉर्ममध्ये लिहायचं का, आणि बँकेच्या ३ लाखाच्या पॉलिसीचं काय करायचं?

आरोग्य विम्याबद्दलचा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय का ते आधी सांगतो. वय ४२, पुण्यातली नोकरी मागच्या वर्षी सोडली, आता सांगलीत छतावर सोलर बसवायची कामं घेता. कंपनीचं ५ लाखाचं कव्हर नोकरीबरोबर गेलं. हातात आहे ती बँकेतून २०२१ मध्ये घेतलेली ३ लाखाची पॉलिसी, त्यात तुम्ही, बायको आणि दोन मुलं. दोन वर्षांपासून तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे, बायकोला थायरॉइड. वडील ७१, त्यांची बायपास झालीये, आई ६४, तिला शुगर. वर्षाला साधारण ३५ हजार काढू शकता. एजंट म्हणतो बीपी लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. मित्र म्हणतो १ कोटीची घेऊन टाक, बँकेची बंद कर.

मी ९ वर्षं टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्लेम बघायचो, म्हणजे हॉस्पिटलकडून येणाऱ्या फाइली वाचून पास करा, क्वेरी टाका, रिजेक्ट करा हेच काम. त्यानंतर आता स्वतः एजन्सी चालवतो, कमिशन मिळतं, ते लपवत नाही, त्यामुळे माझं म्हणणं तेवढं पारखून घ्या. पण दोन्ही बाजू बघितल्यामुळे एक पक्कं सांगू शकतो, तुम्ही विचारलंय "किती लाखाची घेऊ", आणि तुमच्या केसमध्ये अडणार आहे ते फॉर्मवर. म्हणून आधी बीपीचंच घेऊ.

क्लेम आला की कंपनीचा डॉक्टर पहिल्यांदा बिल बघत नाही. तो बघतो डिस्चार्ज समरी आणि आतले केस पेपर, ज्यात अॅडमिट होताना रात्रपाळीच्या आरएमओने (हॉस्पिटलमधल्या ड्युटी डॉक्टरने) पेशंटला नाहीतर नातेवाइकाला विचारून हिस्ट्री लिहिलेली असते. तिथे "बीपी, ५ वर्षांपासून" असं लिहिलेलं सापडलं आणि तुमच्या फॉर्मवर बीपीपुढे "नाही" असेल, तर संपलं. मग जुन्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, पहिलं प्रिस्क्रिप्शन आणा, मेडिकलवाल्याची बिलं आणा, सुरू होतं. आणि गंमत म्हणजे पेशंट अॅडमिट झालाय हार्टचं काहीतरी होऊन, त्यामुळे बीपीशी संबंध नाही असंही म्हणता येत नाही.

मी स्वतः बघितलेली एक फाइल सांगतो. माणसाला बीपी निघून दोनच वर्षं झाली होती आणि पॉलिसी होती चार वर्षांची, म्हणजे क्लेम सरळ द्यायला हवा. पण रात्री दीड वाजता बायको घाबरलेली, आरएमओने विचारलं कधीपासून आहे, ती म्हणाली "असेल हो पाच-सहा वर्षं". लिहिलं गेलं. क्लेम अडकला. नंतर त्यांच्या फॅमिली डॉक्टरने पहिल्या तपासणीचा कागद शोधून दिला म्हणून अडीच महिन्यांनी पैसे सुटले. त्यामुळे एक काम आजच करा, घरात एक प्लास्टिकची फाइल ठेवा, त्यात बीपी पहिल्यांदा निघालं तेव्हाचा कागद, बायकोचा थायरॉइडचा पहिला रिपोर्ट, आणि एका कागदावर तारखा लिहून ठेवा आणि घरच्यांना सांगा की अॅडमिट करताना अंदाजपंचे बोलायचं नाही, हा कागद दाखवायचा.

तर, बीपी लिहायचं. थायरॉइड लिहायचं. कधीतरी स्टोन झाला असेल, ऑपरेशन झालं असेल, सिगारेट असेल, तेही. फार फार तर काय होईल, प्रीमियमवर थोडं लोडिंग, म्हणजे जादा पैसे लागतील, किंवा एखादी कंपनी मेडिकल टेस्ट करायला लावेल, किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर आत्ता म्हणाली हे बरं. गोळीवर कंट्रोलमध्ये असलेलं बीपी आणि साधं थायरॉइड बऱ्याच कंपन्या घेतात, काही तर जादा पैसे घेऊन बीपी-शुगरचा वेटिंग पीरियडही, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळायच्या आधी थांबायचा काळही, कमी करून देतात.

एजंटने तुम्हाला "पाच वर्षांनी कोणी विचारत नाही" असंही सांगितलं असेल. अर्धं खरं आहे. २०२४ च्या नियमांनी मोरेटोरियम आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला, म्हणजे सलग ६० महिने पॉलिसी चालली की नंतर माहिती लपवली या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. आणि मुद्दाम "नाही" वर टिक केलं याला फसवणूक म्हणायचं का यावर तुम्ही आयसीयूबाहेर बसून वाद घालणार का? शिवाय मधली पाच वर्षं आहेतच. एजंटचं कमिशन पहिल्या दिवशी मिळतं, क्लेमच्या दिवशी तो फोन उचलेलच असं नाही.

आता बँकेची पॉलिसी. मित्र म्हणतो बंद कर, मी म्हणतो हात लावू नका, निदान लगेच नाही. कारण नीट समजून घ्या, इथेच तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे जी तुम्हाला माहीत नाहीये. आधीपासूनचा आजार म्हणजे काय, तर पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा ज्यावर उपचार घेतले तो. तुमची पॉलिसी २०२१ ची, बीपी निघालं त्यानंतर. म्हणजे या पॉलिसीपुरतं तुमचं बीपी आधीचा आजार नाहीच. हीच पॉलिसी बंद करून नवीन घेतली की तेच बीपी आधीचा आजार होतं आणि पुन्हा तीन वर्षांपर्यंत वेटिंग लागतं. शिवाय हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, किडनी स्टोन, गुडघा बदलणे असल्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतं, तेही तुमचं होऊन गेलंय, ते परत सुरू होईल. आणि नव्या पॉलिसीचे पहिले ३० दिवस तर अपघात सोडून काहीच मिळत नाही.

म्हणून करायचं ते पोर्ट. दुसऱ्या चांगल्या पॉलिसीत जायचं पण जुनी वर्षं बरोबर घेऊन. यात लोक एक चूक करतात, त्यांना वाटतं ३ लाखाची पोर्ट करून १० लाखाची केली की सगळ्या १० लाखाला जुनी वर्षं मिळाली. तसं नाही. क्रेडिट मिळतं जुन्या ३ लाखाला, बोनस असेल तर तोही धरून, वरच्या ७ लाखाला वेटिंग नव्याने लागतं आणि मोरेटोरियमही. पण तरी शून्यावरून सुरू करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या किमान दीड महिना आधी गेला पाहिजे, शेवटच्या आठवड्यात पळापळ करून होत नाही, आणि नवीन कंपनी नाही म्हणू शकते हे धरून चाला. ती लेखी हो म्हणेपर्यंत जुनी चालूच ठेवायची, आणि तिच्याकडून उत्तर यायच्या आत रिन्यूअलची तारीख आली तर जुनीचे पैसे भरून टाकायचे.

इथे एक "पण" आहे. बँकेतून घेतलेल्या पॉलिसी बऱ्याचदा खऱ्या वैयक्तिक नसतात, बँकेच्या ग्राहकांची ग्रुप पॉलिसी असते आणि तुमच्या हातात असतं नुसतं सर्टिफिकेट. त्यावर "मास्टर पॉलिसीहोल्डर" म्हणून बँकेचं नाव असेल तर समजायचं ग्रुप आहे. त्यात वाईट असं काही नाही, प्रीमियम स्वस्त असतो, पण बँकेचा आणि कंपनीचा करार संपला की अटी बदलू शकतात, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला तो ग्रुपवरचा गेलेला नाही. ग्रुप असेल तर पहिला रस्ता म्हणजे त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करून घेणे, आणि मग हवं तर दुसरीकडे पोर्ट.

(जाता जाता, हे कोणी नोकरी सोडायच्या बेतात असलेला वाचत असेल तर: कंपनीचं ग्रुप कव्हर असतं त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ते नोटीस पीरियडमध्येच एचआरकडे विचारायचं. बाहेर पडून वर्ष झालं की कोणी दारात उभं करत नाही. तुमची ती गाडी गेली, जाऊ दे.)

आता किती लाखाची. मिरज जवळ आहे हे तुमचं नशीब, अर्धं गाव दवाखान्यांवर चालतं, आणि पुण्या-मुंबईच्या मानाने बिल कमी येतं. पण कॅन्सर, ट्रान्सप्लांट, लहान मुलाचं काही अवघड निघालं तर तुम्ही पुण्याला नाहीतर मुंबईला जाणारच. त्यामुळे सांगलीचा रेट धरून कव्हर ठरवू नका. आणि हे पण बघा की काही कंपन्या गावाप्रमाणे झोन करतात, छोट्या शहराचा पत्ता म्हणून प्रीमियम कमी घेतात आणि मोठ्या शहरात उपचार घेतले की १०-२० टक्के तुमच्या खिशातून. तुमच्यासारख्याला ही अट नको. थोडा जास्त प्रीमियम देऊन ती काढता येत असेल तर काढा, नसेल तर दुसरी कंपनी.

माझा हिशोब असा असतो: चौघांचा १० लाखाचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच कव्हर, आणि त्यावर १० लाख डिडक्टिबलचा मोठा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले १० लाख सोडून वरचं बिल देणारी पॉलिसी. १ कोटीची एकच पॉलिसी घ्यायची गरज नाही, जाहिरातीत ती स्वस्त दिसते कारण तशी क्वचितच कोणाला लागते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात फरक आहे आणि विकणारे तो गिळतात. समजा तुमची मूळ पॉलिसी ५ लाखाची आणि वर ५ लाख डिडक्टिबल. वर्षात दोनदा अॅडमिट झालात, दोन्ही वेळा ४ लाख बिल. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, ४ लाख हे ५ च्या खाली, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ लाख, वरचे ३ लाख देतो. म्हणून "सुपर" हा शब्द कागदावर आहे का ते बघा. बजेट फारच ताणत असेल तर खाली ५ लाख ठेवा आणि सुपर टॉप-अप ५ लाखावर सुरू होणारा घ्या, चालेल.

लाखांपेक्षा मी जास्त वेळ रूम रेंटवर घालवतो. तुमच्या आताच्या पॉलिसीत बहुतेक एक टक्क्याची अट असणार, म्हणजे ३ लाखाला दिवसाला ३,००० ची रूम. समजा ती मिळाली नाही म्हणा किंवा घरच्यांना एसी बरा वाटला म्हणा, तुम्ही ६,००० ची घेतली, पाच दिवस राहिलात. लोकांना वाटतं फरक १५,००० चा, भरू आपण. बिल बघा: रूमचे ३०,०००, सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट मिळून १ लाख २० हजार, औषधं-इम्प्लांट-तपासण्या ९०,०००. एकूण २ लाख ४० हजार. रूम हक्काच्या दुप्पट घेतली म्हणून कंपनी रूमचे अर्धे देते आणि सर्जन वगैरेचेही अर्धेच. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, ते पूर्ण. म्हणजे १५ + ६० + ९०, झाले १ लाख ६५ हजार. खिशातून ७५,०००. हे डिस्चार्जच्या काउंटरवर कळतं, आणि मग लोक म्हणतात इन्शुरन्सवाले चोर. नवीन घेताना रूमवर रुपयांची मर्यादा नसलेली, निदान सिंगल प्रायव्हेट रूम देणारी घ्या. आणि तोपर्यंत जुन्या पॉलिसीवर अॅडमिट व्हायची वेळ आलीच तर रूम निवडायच्या आधी पॉलिसी उघडा. ग्लोव्हज, मास्क, किट असल्या वस्तूंचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत, त्यासाठी वेगळा रायडर असतो, परवडला तर घ्या, नाहीतर सोडा.

रिस्टोअर, वाढता बोनस, फ्री चेकअप, जिमचे पॉइंट, यावर मी काही लिहीत नाही. छान असतात. त्यावरून पॉलिसी निवडू नका.

आईवडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. फ्लोटरचा प्रीमियम बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे ७१ च्या हिशोबाने मुलांचे पैसे भराल, आणि एकट्या वडिलांच्या अॅडमिशनमध्ये सगळ्यांचं कव्हर संपू शकतं. वडिलांना बायपास झालेली असताना खाजगी कंपनी घेईल का हे खरंच कंपनीवर आहे. ६५ ची वयाची अट २०२४ मध्ये निघाली म्हणून अर्ज घेतात, पण घेतलं तरी प्रीमियम आणि को-पे (प्रत्येक बिलातला तुमच्या खिशातून जाणारा ठरलेला टक्का) बघून तुम्हीच मागे येण्याची शक्यता जास्त. त्यांच्यासाठी आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० च्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख, आधार लागतं, ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. आजच्या आज होणारं काम आहे आणि फुकट आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या किती जणांनी काढलेलं नसतं.

आईला ७० व्हायला वेळ आहे. पण महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. मर्यादा अशी की यादीतलेच उपचार आणि यादीतलीच हॉस्पिटलं, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे ती चालते का ते आधी विचारून ठेवा, आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा काउंटर असतो तिथे. आणि पैसे उरले तर आईसाठी वेगळी पॉलिसी बघा. आरोग्य संजीवनी नावाची एक साधी पॉलिसी असते, सगळ्या कंपन्यांत अटी सारख्या, ५ टक्के को-पे, रूमला ५,००० ची कमाल मर्यादा. फार काही भारी नाही, पण फसवणारी कलमं नाहीत. शुगरला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, म्हणून तर उशीर करू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुम्ही छतावर चढता. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरेल, पण पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर महिन्याचे हप्ते कोण भरणार? नोकरीत सिक लीव्ह होती, आता नाही. म्हणून तुम्हाला पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी मेडिक्लेमइतकीच गरजेची आहे, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम असलेलीच घ्यायची, ज्यात काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरलेली रक्कम येते. तिचा वार्षिक प्रीमियम मेडिक्लेमच्या मानाने खूपच कमी असतो. फक्त व्यवसाय खरा लिहा. "बिझनेस" असं लिहून मोकळे होऊ नका, सोलर बसवतो, उंचीवर काम करतो असं लिहा, रिस्क क्लास बदलेल, थोडे पैसे वाढतील. ऑफिसात बसणारा म्हणून घेतलेली पॉलिसी छतावरून पडल्यावर उपयोगाची नाही. बँकेतली २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू आहे का तेही बघून घ्या, अपघाती मृत्यूला २ लाख, २० रुपयात अजून काय पाहिजे. तुमच्याबरोबर दोन पोरं कामाला असतात म्हणालात, त्यांच्यासाठी कामगारांची वेगळी पॉलिसी असते, त्यावर परत कधीतरी बोलू, पण तीही डोक्यात ठेवा.

धंदेवाल्यांची अजून एक अडचण म्हणजे रिन्यूअल नेमकं हात तंग असताना येतं. तुमचं काम पावसाळ्यात थंड, मग जुलै-ऑगस्टची तारीख नको. पोर्टमुळे तारीख जुनीच राहणार असेल तर उन्हाळ्यात पैसे आले की त्यातले बाजूला काढून ठेवा. ३० दिवसांचा ग्रेस असतो हे खरं, पण वर्षाचा प्रीमियम एकदम भरणाऱ्याला त्या दिवसांत अॅडमिट झाल्यास क्लेम मिळत नाही, फक्त जुनी वर्षं वाचतात. हे दोन वेगळे फायदे आहेत आणि लोक ते एकच समजतात. टॅक्सचं म्हणाल तर आरोग्य विम्याच्या प्रीमियमची (८०डी) वजावट जुन्या रिजीममध्येच, स्वतःच्या कुटुंबाला २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,००० पर्यंत, प्रीमियम रोखीने भरलेला चालत नाही. तुमचा सीए बघेल, पण टॅक्ससाठी म्हणून पॉलिसी घेऊ नका.

क्लेमच्या वेळचं थोडं. नियमाप्रमाणे कॅशलेसची परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत यायला हवी. प्रत्यक्षात हॉस्पिटलने कागद उशिरा पाठवले की घड्याळही उशिराच सुरू होतं, म्हणून इन्शुरन्स डेस्कच्या माणसाला आदल्या संध्याकाळीच धरा. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, बिल भरून सगळे मूळ कागद घेऊन नंतर मागता येतो. यासाठी लाखभर रुपये एफडीत वेगळे पाहिजेतच, डिपॉझिट मागतातच. आणि क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तुम्हाला पुण्याचं ऑफिस लागेल. फी नाही, वकील लागत नाही. मी फाइली बघायचो तेव्हा लोकपालाचं पत्र आलं की आमच्याकडे ती फाइल वरच्या साहेबांच्या टेबलावर जायची, एवढं सांगतो.

३५ हजारात सगळं बसेल का? फ्लोटर, सुपर टॉप-अप आणि अॅक्सिडेंट मिळून बसेल असं वाटतं, तुमच्या लोडिंगवर अवलंबून आहे. आईची पॉलिसी त्यात बसणार नाही, तिला वेगळे पैसे लागतील. कमी पडले तर आईची थांबवा, फ्लोटर ५ लाखाचा करा, पण रूम रेंटची अट असलेली घेऊ नका आणि अॅक्सिडेंट सोडू नका.

कंपनीचं नाव इथे सांगत नाही, मी विकतो म्हणून. तीन कंपन्यांचे कोट काढा, तिघांनाही बीपी-थायरॉइड सांगून. पण त्याच्याही आधी आज संध्याकाळी बँकेची ती पॉलिसी कपाटातून काढा आणि तीन गोष्टी बघून इथे लिहा: मास्टर पॉलिसीहोल्डर म्हणून कोणाचं नाव आहे, रूम रेंटपुढे काय लिहिलंय आणि रिन्यूअलची तारीख कोणती. तारीख दोन महिन्यांच्या आत असेल तर मग उद्याच हलावं लागेल.